जपणाऱ्यांचं बुडालं : ग्राहक व्यवहार सचिवांना खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी (आणि जमल्यास कार्यवाहीसाठी) :
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, नवी दिल्ली

विषय : दुकान बुडाल्यावर गिफ्ट व्हाउचरचे पैसे कोणाचे, याबाबत

महोदय / महोदया,

मी निवृत्त शिक्षिका. इचलकरंजीतल्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं माध्यमिक शिक्षक व शिक्षकेतर सेवकांच्या एका पतसंस्थेची मानद चिटणीस होते. मानद म्हणजे बिनपगारी. शिव्या मात्र पूर्ण पगारी माणसाइतक्या मिळतात, हे पतसंस्थेत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

आमच्याकडे दर दिवाळीला सभासद भेट द्यायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं ती भेट म्हणजे स्टीलचा डबा. डबा केवढा, झाकण घट्ट बसतं की नाही, यावर वार्षिक सभेत जेवढी चर्चा व्हायची तेवढी ताळेबंदावर कधी झाली नाही. एका वर्षी एक सर उठून म्हणाले, "बाई, घरात अकरा डबे झालेत. आता डब्यात ठेवायला काहीतरी द्या." सगळे हसले आणि ठराव झाला : यंदा डबा नको, कूपन द्या. व्हाउचरला आमच्याकडे सगळे कूपनच म्हणतात.

म्हणून आम्ही तयार कपड्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानाची हजार-हजार रुपयांची २१२ व्हाउचरं घेतली. यंत्रमागांच्या गावात बाहेरच्या कपड्यांची कूपनं वाटली म्हणून मला टोमणे बसले ते वेगळेच. घाऊक खरेदीवर पाच टक्के सवलत मिळाली. २,१२,००० चा माल २,०१,४०० ला. वाचलेल्या १०,६०० रुपयांतून सभेचा अल्पोपहार झाला आणि माझ्या व्यवहारचातुर्याचं कौतुकही झालं. ते कौतुक सहा महिने टिकलं.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका दुकानाचा असता तर पत्र तुम्हाला लिहिलं नसतं.

पुढच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, कोल्हापूरच्या शाखेच्या दारावर संगणकावर छापलेला एक कागद लागला : गिफ्ट व्हाउचर व गिफ्ट कार्ड पुढील सूचना मिळेपर्यंत स्वीकारले जाणार नाहीत. दुकान मात्र उघडं होतं. दिवे चालू, एसी चालू, गाणी चालू. रोख द्या, कार्ड घासा, मोबाइलवरून पैसे टाका, काहीही चालत होतं. चालत नव्हता फक्त तो कागद, ज्याचे पैसे त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच घेतले होते. पंधरा दिवसांनी शटर पडलं ते पडलंच. नंतर कळलं, की शटर पडायच्या आठवडाभर आधीपर्यंत दुसऱ्या एका शाखेत नवी व्हाउचरं विकणं सुरू होतं, 'हजारावर शंभर जादा' अशा पाटीखाली. गणिताच्या शिक्षिकेला ही पाटी वेळीच वाचता यायला हवी होती. दुकानदार रोखीसाठी दहा टक्के मोजायला तयार आहे, याचा अर्थ बँक त्याला दारात उभं करत नसावी.

मी यादी काढली. २१२ पैकी १३१ व्हाउचरं वापरून झाली होती. ८१ शिल्लक. ८१ गुणिले एक हजार. हा आकडा तुमच्या टेबलावर येणाऱ्या आकड्यांपुढे काहीच नाही, मला मान्य आहे. पण ते ८१ कोण होते, ते जरा पाहा.

ज्यांनी दिवाळीच्याच आठवड्यात जाऊन शर्ट घेतला, त्यांचं भागलं. ज्यांनी "असू दे, कामाला येईल" म्हणून कपाटात ठेवलं, त्यांचं बुडालं. कुणी मुलीच्या साखरपुड्यासाठी ठेवलं होतं, कुणी नातवाच्या बारशासाठी. एका बाईंनी नवऱ्याचं आणि स्वतःचं अशी दोन जोडून ठेवली होती, कारण दोन हजारांत एक बरी साडी येते. आमच्या शाळेतले एक शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते, ते व्हाउचर घेऊन माझ्या घरी आले. प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या जोडीला ठेवलेलं. घडीसुद्धा पडलेली नव्हती. मी पाकीट काढलं तर म्हणाले, "बाई, तुमी काय दुकान चालवत हुतासा व्हय?" आणि पैसे न घेता, चहा मात्र घेऊन गेले.

मी तो हजार रुपयांचा कागद नंतर बराच वेळ पाहत बसले. त्याच्या मागे बारीक अक्षरात अकरा अटी होत्या. हरवल्यास जबाबदारी नाही, फाटल्यास जबाबदारी नाही, रोख मिळणार नाही, उरलेली रक्कम परत नाही. दुकानच हरवलं तर काय, हे कुठेच नव्हतं.

मग मी वाचायला लागले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि गणिताच्या शिक्षिकेला अर्धवट सुटलेलं उदाहरण झोपू देत नाही.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की आम्ही जपून ठेवलेल्या कूपनांना या धंद्यात एक नाव आहे. विकली गेली पण कधीच वापरली गेली नाहीत अशा व्हाउचरांना 'ब्रेकेज' म्हणतात. मराठीत तूट-फूट म्हणावं, तर फुटतं काहीच नाही, उलट दुकानाच्या पदरात पडतं. हिशेबाच्या नियमांप्रमाणे व्हाउचर विकल्यावर ते पैसे दुकानाची देणी असतात, उत्पन्न नव्हे. मुदत संपली किंवा कोणी येणार नाही असा अंदाज बांधता आला, की ती देणी उत्पन्नात वळवता येतात. म्हणजे आमचा विसरभोळेपणा त्यांच्या नफा-तोटा पत्रकात जमेच्या बाजूला बसतो. करखात्यानेही या गोष्टीचा विचार करून ठेवला आहे. ३१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे, की न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी लागणार नाही. त्याआधी दहाच दिवस जैसलमेरला जीएसटी परिषदेत व्हाउचरवर चर्चा झाली होती, आणि त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयात एका मोठ्या ज्वेलरच्या खटल्यात व्हाउचर म्हणजे नेमकं काय याचा कीस पाडला गेला होता. व्हाउचर वस्तू आहे का, सेवा आहे का, पैसा आहे का, कर कधी लागतो, सगळं. हे सगळं दुकान आणि सरकार यांच्यात. व्हाउचर ज्याच्या हातात आहे तो या चर्चेत कुठे नव्हता.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. माझ्या मोबाइलमधल्या पैशाच्या पाकिटात, वॉलेटमध्ये, दोनशे रुपये पडले आहेत. त्या दोनशे रुपयांसाठी केवढा बंदोबस्त! वॉलेट चालवणाऱ्या कंपनीला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. लोकांचे जेवढे पैसे तिच्याकडे शिल्लक असतील तेवढे तिला एका वेगळ्या एस्क्रो खात्यात, शेड्यूल्ड बँकेत, बाजूला ठेवावे लागतात. शिल्लक पुरेशी आहे, असं हिशेब तपासनिसाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१५ साली एक कलम घातलं गेलं, २३अ. ते म्हणतं, की या खात्यातल्या पैशांवर पहिला हक्क ज्यांचे ते पैसे आहेत त्यांचा. कंपनी बुडाली आणि अवसायक, म्हणजे ती मोडीत काढून देणी वाटणारा अधिकारी, आला, तरी या लोकांचे पूर्ण पैसे दिल्याशिवाय त्याने त्या खात्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही.

इतकं स्वच्छ कलम मी क्वचित वाचलं. मामांच्या हजार रुपयांना ते का लागत नाही? कारण त्यांचं व्हाउचर एकाच साखळीच्या दुकानांत चालणारं होतं. एखादं कार्ड अनेक दुकानांत चालत असेल तर ती पैसे देण्याची 'व्यवस्था', त्याला परवाना, एस्क्रो, सगळं. फक्त देणाऱ्याच्याच दुकानात चालत असेल तर ती 'बंद' पद्धत, आणि तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. कारण म्हणे ही व्यवस्था तिसऱ्याला पैसे देण्यासाठी वापरता येत नाही. पैशांच्या देवघेवीच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. ग्राहकाच्या दृष्टीने नेमकं उलटं. अनेक दुकानांत चालणारं कार्ड असेल तर एक दुकान बुडालं तरी दुसरं आहे. एकाच दुकानात चालणारं असेल तर सगळी मदार त्या एका शटरवर. जिथे धोका जास्त, तिथे कुंपण नाही.

बरं, मग ही ठेव आहे का? पैसे आधी घेतले, माल नंतर देणार. आमच्या पतसंस्थेच्या भाषेत याला ठेवच म्हणतात. पण कंपन्यांनी ठेवी स्वीकारण्याबाबतचे २०१४ चे नियम सांगतात, की मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाने फेडली जाणार असेल तर ती ठेव नव्हे. व्हाउचरची मुदत एक वर्षाची का असते, आणि सराफांच्या सोने-बचत योजना अकरा हप्त्यांवर का थांबतात, याचं उत्तर बहुतेक याच आकड्यात आहे. माझ्या कितीतरी मैत्रिणींना वाटतं, की बारावा हप्ता सराफ प्रेमाने भरतो.

सराफांचं निघालंच म्हणून सांगते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाणे भागातली दुकानं अचानक बंद झाली आणि योजनेत महिन्याला पैसे भरणारी माणसं बंद शटरसमोर जमली. निदान तिथे पोलिसांकडे जाता आलं. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, आर्थिक गुन्हे शाखा आहे. व्हाउचरवाला पोलीस ठाण्यात गेला तर हवालदार विचारेल, "फसवलं का?" आणि खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. दुकान चाललं नाही, एवढंच. धंदा बुडणं हा गुन्हा नाही आणि असूही नये. माझे वडील सायझिंगच्या धंद्यात दोनदा बुडाले होते. बुडालेल्या माणसाचा चेहरा मी जवळून पाहिलेला आहे, तेव्हा दुकानदारांविषयी माझ्या मनात राग नाही. माझा प्रश्न बुडताना होडीत कोणाला कुठे बसवलंय, एवढाच आहे.

तर ती होडी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ५३ आहे. कंपनी विकून जे हाती येईल ते कोणाला आधी, कोणाला नंतर, याच्या पायऱ्या त्यात आहेत. सर्वांत आधी त्या प्रक्रियेचाच खर्च. मग कामगारांचे दोन वर्षांचे पैसे आणि तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका. मग इतर नोकरांचा वर्षभराचा पगार. मग बिनतारणी कर्ज देणारे. मग सरकारची देणी. मग सहाव्या पायरीवर 'उर्वरित देणी'. मामा तिथे उभे आहेत. त्यांच्या खाली फक्त कंपनीचे भागधारक. दुकान बुडतं तेव्हा दुसऱ्या पायरीपर्यंत येतायेताच भांडं बहुधा कोरडं झालेलं असतं. बिग बझारसारखं नाव घ्या. २००१ पासून घराघरात माहीत असलेलं. ते चालवणाऱ्या फ्युचर रिटेलला जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घेतलं, आणि दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, अवसायनाचा आदेश झाला. नाव मोठं म्हणून कूपन सुरक्षित, हा हिशेब माझ्याही डोक्यात होता. तो चुकीचा होता.

व्हाउचरवाला नेमका कोणत्या प्रकारचा धनको, म्हणजे येणेकरी, हेही संहितेत सरळ लिहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच, कंपनी-कंपनीमधल्या वादात सांगितलं, की मालासाठी आगाऊ पैसे देणारा खरेदीदारही व्यावहारिक धनको, म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या व्यवहारातला येणेकरी, ठरू शकतो. त्याच्या आधारे मामांना आपल्या पैशांवर दावा सांगणारा ब नमुन्यातला अर्ज भरता येईल असं मला एका वकिलांनी सांगितलं. मी तो नमुना वाचला. देणं कोणत्या दस्तऐवजावरून निर्माण झालं, कधी, कसं, पुरावा काय, ओळखपत्र काय. व्हाउचरवर नाव नसतं. ते विकत घेतलं पतसंस्थेने, बिल पतसंस्थेच्या नावाचं, कागद मामांच्या हातात. मग धनको कोण, आम्ही की मामा? आमच्या लेखापरीक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही ती रक्कम सभासद भेट म्हणून खर्ची टाकलीत. तुमच्या पुस्तकात आता काहीच येणं नाही." दुकानाच्या पुस्तकात देणं आहे, आमच्या पुस्तकात येणं नाही. दुहेरी नोंद पद्धत शोधणाऱ्यांनी हा प्रसंग पाहिला नसावा.

आणि अर्ज करायचा हे कळणार कसं? नियमाप्रमाणे जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात येते, जिथे कंपनीचं नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालय असेल तिथल्या. या कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात. म्हणजे आमच्यासाठीची सूचना आम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत छापून आली असणार. इतर ठिकाणी सूचना द्यायची की नाही हे बरंचसं ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाच्या मतावर आहे. पहिली मुदत १४ दिवसांची, नंतर थोडी सवलत मिळते. त्यात अर्ज केला नाहीत आणि दुसऱ्या कोणी ती कंपनी घेतली, तर त्याच्या मंजूर आराखड्यात नसलेली जुनी देणी कायमची मिटतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसा निकाल दिला आहे. दरम्यान ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर संहितेच्याच कलम १४ ची स्थगिती, प्रक्रिया चालू असेपर्यंत कंपनीविरुद्ध दावा नाही. तुमचा १९१५ हा मदत क्रमांक चांगला आहे, पण फोन उचलायला समोर दुकान लागतं.

८१ पैकी किती जणांनी अर्ज केला? एकानेही नाही. मी स्वतः सांगितलं, भरून देते म्हटलं, तरीही. हजार रुपयांसाठी कोण एवढी यातायात करणार, आणि शेवटी हातात पंचवीस रुपये आले तर त्यासाठी दोनदा झेरॉक्स कोण काढणार? नुकसान प्रत्येकाचं इतकं लहान आहे, की भांडणं परवडत नाही. त्या लहानपणाचा फायदा कोणाला होतो ते मी वेगळं सांगत नाही.

घर बुक केलेल्या लोकांची स्थिती काही वर्षांपूर्वी अशीच होती. बिल्डर बुडाला की ते ना बँकेच्या रांगेत, ना पुरवठादारांच्या. २०१८ मध्ये संहिता बदलली, त्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच कर्ज देणारे, मानलं, त्यांच्या वतीने बोलायला प्रतिनिधी दिला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केलं. ते हजारोंच्या संख्येने होते, एका इमारतीत एकत्र होते आणि प्रत्येकाचे लाखो रुपये अडकले होते, म्हणून त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. आमची माणसं विखुरलेली आणि प्रत्येकाकडे एकेक कागद. पण आधी पैसे दिले, माल मिळाला नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

हे दुखणं फक्त आपलं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती. तिची पद्धत वाचताना मला आपल्या बायकांच्या भिशीची आठवण झाली. कमी उत्पन्नाची घरं वर्षभर थोडे थोडे पैसे भरायची आणि नाताळच्या तोंडावर त्यांना तेवढ्या रकमेची खरेदीची व्हाउचरं आणि खाऊची टोपली मिळायची. पैसे गोळा करायला गल्लीतलीच एक ओळखीची असायची. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ दोन-अडीच महिन्यांवर असताना, कंपनी बुडाली. लाखाहून जास्त घरांचे मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख पौंड अडकले. पुढे त्यांना किती मिळालं हे पाहिलं तर वर्षांमागून वर्षं गेलेली दिसतात. कंपनीमागच्या बँकेचा ताबा घेतलेल्या लॉइड्सने २०१२ मध्ये ८० लाख पौंडांची भर घातली, तेव्हा कुठे भरपाई भरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास पोचली.

मला त्या आकड्यांपेक्षा ती गोळा करणारी बाई दिसते. दर आठवड्याला शेजारणीच्या दारात उभी राहून तिने पैसे घेतलेले असणार, वहीत लिहिलेलं असणार. कंपनीचे संचालक तिच्या गल्लीत राहत नव्हते, ती राहत होती. मीही मंडईत सभासद दिसले की पलीकडच्या गाळ्यावर भाजी घ्यायला वळायचे. माझ्यावर कोणी आळ घेतला नाही. तरी वळायचे.

इंग्लंडमधलंच दुसरं उदाहरण एचएमव्हीचं, संगीताच्या दुकानांचं. जानेवारी २०१३ मध्ये ती साखळी प्रशासकांच्या हाती गेली आणि गिफ्ट कार्डं चालणार नाहीत असं जाहीर झालं. नाताळ नुकताच झालेला, कार्डं भेट म्हणून वाटून तीन आठवडे होत होते. इतका आरडाओरडा झाला, की आठवडाभरात निर्णय फिरला आणि कार्डं चालू झाली. म्हणजे दुकान उघडं असताना व्हाउचर घेणं अशक्य नसतं, फक्त कोणीतरी ठरवावं लागतं. अमेरिकेत ग्राहकाने आधी भरलेल्या पैशाला एका मर्यादेपर्यंत अग्रक्रम आहे, पण गिफ्ट कार्ड त्यात बसतं का, यावर एकाच डेलावेअरच्या दिवाळखोरी न्यायालयातून २००४ मध्ये 'हो' आणि २०१६ मध्ये 'नाही' अशी दोन उत्तरं आली. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात फेअरपॅकसारख्या बचत योजनांचे पैसे विम्याने किंवा विश्वस्त खात्यात सुरक्षित ठेवण्याची सक्ती आणली. नेहमीच्या गिफ्ट कार्डांना तिथेही ते कवच नाही. फेअरपॅक ते कायदा, अठरा वर्षं. आपण त्यांची नक्कल करायची तर निदान वेगाची करू नये.

आता मागणं. ज्या साखळ्यांची विकलेली पण न वापरलेली व्हाउचरं तुम्ही ठरवाल त्या रकमेच्या वर जातात, त्यांना ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावा आणि २३अ चं छत्र त्या खात्यावर धरा. कलम तयारच आहे, त्याची व्याप्ती तेवढी वाढवायची आहे. यावर दुकानदारांच्या संघटना म्हणतील, की हा पैसा आमचं खेळतं भांडवल आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मामांनी दुकानाला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज दिलं आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. कर्जच हवं असेल तर आमच्या पतसंस्थेत या, दोन जामीनदार आणा, बारा टक्क्यांनी देऊ.

छोट्यांना यात ओढू नका, हेही सांगते. गावातला मिठाईवाला बॉक्सवर सही करून कूपन देतो, रद्दीवाल्याच्या शेजारचा सायकलवाला आगाऊ घेतो. त्यांना एस्क्रो आणि प्रमाणपत्र सांगितलं तर ते कूपन देणंच बंद करतील, आणि त्यांच्याकडे पैसे बुडाले तर जाऊन विचारायला घर माहीत असतं.

खातं उघडायला वेळ लागेल. तोवरसुद्धा होण्यासारखं बरंच आहे. कंपनीने स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला, किंवा तिच्याविरुद्धचा अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला, की त्या क्षणापासून नवी व्हाउचरं विकायला बंदी हवी. 'हजारावर शंभर जादा' ही पाटी बुडत्या होडीवर दिसता कामा नये. नादारी मंडळाने आपल्या नियमांत लिहावं, की व्हाउचरधारकाचा दावा कंपनीच्या संगणकातल्या नोंदीवरूनच मान्य धरायचा. प्रत्येक व्हाउचरला क्रमांक असतो, बारकोड असतो. कोणतं वापरलं गेलं, कोणतं नाही, हे गल्ल्यावरच्या यंत्राला एका सेकंदात कळत होतं. तेच यंत्र दुकान बुडाल्यावर मामांकडे पुरावा मागतं, हे मला पटत नाही. दुकान प्रक्रियेत असूनही चालू राहणार असेल तर, रोख खरेदीच्या जोडीला का होईना, व्हाउचर घ्यायला लावा. अर्धं व्हाउचर आणि अर्धी रोख म्हटलं तरी आमची माणसं आनंदाने जातील आणि दुकानाचा माल हलेल.

आणि तुमच्या विभागासाठी एक अगदी स्वस्तातलं काम. व्हाउचरच्या दर्शनी बाजूला, किमतीखाली, किमतीएवढ्याच टायपात एक ओळ छापणं सक्तीचं करा : ही रक्कम वेगळ्या खात्यात सुरक्षित आहे, किंवा नाही. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापायला लावणाऱ्या सरकारला हे जड नाही. ती ओळ 'नाही' अशी असती तर आमच्या सभेने काय ठरवलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे.

मी चिटणीसपद सोडलं त्या वर्षीच्या सभेत दिवाळी भेटीचा विषय आला तेव्हा ठराव मांडायला कोणाला उठावं लागलं नाही. सभागृहातून आपोआप आवाज आला, डबा. झाकण घट्ट बसणारा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
माजी मानद चिटणीस, शिक्षक व शिक्षकेतर सेवकांची एक पतसंस्था
इचलकरंजी

सोबत : न वापरलेल्या ८१ व्हाउचरांच्या क्रमांकांची यादी, एक पान. मूळ व्हाउचरं जोडता आली नाहीत. सभासदांकडे मागितली होती, पण बहुतेकांनी दिली नाहीत. म्हणाले, असू दे, कामाला येईल.